समुद्रात सांडलेल्या तेलाचं बिल कुणाच्या नावावर फाटतं?

अजनी_डेपो (धागाकर्ता)
झिरो माइलच्या दगडापासून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. तरी हा धागा नागपुरातून काढतोय, कारण अजनीच्या कंटेनर डेपोतून सुटलेला डबा जेएनपीटीला जहाजावर चढला की त्याच्यासोबत इथल्या निर्यातदाराची सहीही समुद्रात जाते. 25 मे 2025 ला कोचीजवळ एमएससी एल्सा 3 बुडालं. त्यावर 640 च्या आसपास डबे होते, 13 धोकादायक मालाचे, 12 कॅल्शियम कार्बाइडचे. टाक्यांत सुमारे 367 टन फर्नेस ऑइल आणि 84 टन डिझेल. तेव्हापासून आपल्याकडच्या गटांवर दोन वाक्यं फिरून राहिली आहेत. एक, "जहाजवाला सगळं भरून देतो". दुसरं, "माल ज्याचा, भुर्दंड त्याचा". दोन्ही अर्धवट आहेत. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

कोर्टरस्ता
पहिला प्रश्न एकच विचारायचा: सांडलेलं तेल जहाजात माल म्हणून होतं की इंधन म्हणून? उत्तरावरून अख्खा कायदा बदलतो.

माल म्हणून, म्हणजे टँकर. तिथे 1992 ची सीएलसी लागते, म्हणजे तेलप्रदूषणाच्या नागरी दायित्वाचा आंतरराष्ट्रीय करार. तिचं मूळ टॉरी कॅन्यनमध्ये. 1967 च्या मार्चमध्ये तो टँकर इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळ खडकावर चढला, लाखभर टनांहून जास्त कच्चं तेल गेलं, आणि दावा कुणावर, कुठल्या देशात लावायचा हेच कुणाला कळेना. म्हणून 1969 चा करार आणि त्याची 1992 ची सुधारित आवृत्ती. त्यात दायित्व नोंदणीकृत मालकावर, चूक सिद्ध न करता. मालकाला सुटका फक्त तीन वाटांनी: युद्ध किंवा अटळ नैसर्गिक घटना, संपूर्णपणे तिसऱ्याच माणसाने मुद्दाम केलेलं कृत्य, किंवा दिवे-बोया नीट न ठेवण्यात सरकारचाच पूर्ण हलगर्जीपणा. 2,000 टनांहून जास्त टिकाऊ तेल (कच्चं किंवा जड, लवकर उडून न जाणारं) नेणाऱ्या जहाजाला विमा सक्तीचा. आणि सर्वांत कामाचं कलम म्हणजे दावा थेट विमा कंपनीवर लावता येतो. मालक लायबेरियातला कागदी असो, विमा कंपनी सापडते.

मात्र मालकाला मर्यादा आहे. 5,000 ग्रॉस टनेजपर्यंत (हे जहाजाच्या आकारमानाचं माप, वजन नव्हे) 45 लाख 10 हजार एसडीआर. त्यापुढे दर टनाला 631. 1,40,000 टनांच्या वर कितीही मोठं जहाज असलं तरी 8 कोटी 97 लाख 70 हजारांवर थांबतं. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबी एकक, भाव रोज बदलतो. इथे सोयीसाठी 120 रुपये धरू. 30,000 टनांचा टँकर असेल तर 45.10 लाख अधिक 25,000 गुणिले 631, म्हणजे 2 कोटी 2 लाख 85 हजार एसडीआर. सुमारे 243 कोटी रुपये.

त्याच्या वर 1992 चा फंड, म्हणजे तेलप्रदूषणाच्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय निधी. मालकाचा हिस्सा धरून एकूण 20 कोटी 30 लाख एसडीआर, म्हणजे साधारण 2,400 कोटी. हा पैसा वर्षाला दीड लाख टनांहून जास्त कच्चं किंवा जड तेल समुद्रमार्गे घेणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून येतो. भारत या फंडात आहे. त्याही वरचा पूरक फंड 75 कोटी एसडीआरपर्यंत जातो, पण आपण त्यात नाही.

शून्य_मैल
काहून एवढी मर्यादा-मर्यादा? 1986 मध्ये ओलियम गॅसच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं ना की धोकादायक धंदा करणाऱ्याचं दायित्व संपूर्ण, अपवाद नाही, आणि कंपनी जेवढी मोठी तेवढी भरपाई मोठी. मग समुद्रावर हे कोण्या गावचे पाहुणे?

कोर्टरस्ता
शून्यभाऊ, प्रश्न बरोबर आहे आणि भारतात तो अजून पूर्ण सुटलेला नाही. जहाजांचा कायदा मर्यादा देतो. त्याच्या बाजूला 2010 चा हरित लवाद कायदा उभा आहे. त्याच्या कलम 17 मध्ये चूक नसली तरी दायित्व, कलम 20 मध्ये प्रदूषकाने भरावं हे तत्त्व. मर्यादेचं नावही नाही.

एमव्ही रॅकचं प्रकरण बघा. 4 ऑगस्ट 2011 ला मुंबईपासून सुमारे 20 सागरी मैलांवर बुडालं. पोटात 60,054 टन कोळसा, दहेजच्या वीज प्रकल्पासाठी. 290 टन फर्नेस ऑइल वेगळं. 23 ऑगस्ट 2016 ला लवादाने जहाजाच्या बाजूला 100 कोटी आणि कोळसा ज्यांचा होता त्या अदानी एंटरप्रायझेसला 5 कोटी भरायला सांगितलं. मालवाल्यालाही ओढलं, हे महत्त्वाचं. कोळसा हे काही सीएलसीतलं टिकाऊ तेल नाही. ना ते घातक रसायनांच्या नव्या कराराच्या यादीत आहे, आणि तो करार अजून अमलातही यायचाय. म्हणजे करारांच्या जाळ्यातून सगळा कोळसा खाली गळला, तो हरित लवादाने पकडला.

कोळसा खात्यातल्यांसाठी हिशेब: एक रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, 3,800 टनांची धरली तर 60,054 टन म्हणजे जवळजवळ सोळा रेका समुद्राच्या तळाशी. नाव रॅक, आत रेका.

इंजिनरूम
एक दुरुस्ती सुचवतो. "माल की इंधन" याच्या आधी "जहाज की नाही" हा प्रश्न आहे. तेलविहिरीचा प्लॅटफॉर्म किंवा समुद्राखालची पाइपलाइन फुटली तर सीएलसी लागतच नाही, कारण ती जहाजं नाहीत. त्यासाठी जगभर लागू होणारा दायित्वाचा करारच नाही. लोक बॉम्बे हायच्या गळतीला सीएलसीचे आकडे लावून मोकळे होतात.

बुटीबोरी_निर्यात
आणि डब्यांच्या जहाजातलं इंधन सांडलं तर? एल्सावाला प्रकार.

कोर्टरस्ता
तिथे 2001 चा बंकर करार (बंकर म्हणजे जहाजाचं इंधन), 2008 पासून अमलात. 1,000 ग्रॉस टनेजच्या वरच्या जहाजाला विमा सक्तीचा, दावा थेट विमा कंपनीवर, इथपर्यंत सारखं. फरक तीन. एक, "मालक" शब्दाची व्याख्या रुंद आहे. नोंदणीकृत मालकासोबत बेअरबोट चार्टरर (रिकामं जहाज भाड्याने घेऊन स्वतः चालवणारा), मॅनेजर, ऑपरेटर सगळे येतात. दोन, मागे फंड नाही. मालकाची मर्यादा संपली की पाटी कोरी. तीन, स्वतःची मर्यादाच नाही. ती 1976 च्या सागरी दाव्यांच्या मर्यादा करारातून आणि त्याच्या 1996 च्या प्रोटोकॉलमधून उसनी घेतलीय.

उदाहरणाला 28,000 टनांचं जहाज. 1996 च्या मूळ दराने पहिल्या 2,000 टनांना 10 लाख एसडीआर, पुढे 30,000 पर्यंत टनाला 400. म्हणजे 1 कोटी 14 लाख, सुमारे 137 कोटी रुपये. 2015 पासून वाढीव दर आले: 15 लाख 10 हजार, आणि टनाला 604. त्याने 1 कोटी 72 लाख 14 हजार, म्हणजे 206 कोटींच्या आसपास. कुठला दर धरायचा यावर सत्तर कोटींचा फरक पडतो. म्हणून देशाच्या नियमांत कुठला तक्ता अधिसूचित आहे ते आधी बघायचं, मग कॅल्क्युलेटर उघडायचा.

याच्यासमोर एल्साबद्दलचा केरळ सरकारचा दावा ठेवा: 9,531 कोटी.

शून्य_मैल
मग मिळाले की 9,531?

कोर्टरस्ता
दावा, हमी आणि निकाल या तीन वेगळ्या गोष्टी. केरळने उच्च न्यायालयात 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्याखाली दावा लावला आणि विळिंजमला असलेलं दुसरं जहाज, एमएससी अकिटेटा 2, अटकेत घेतलं. बुडालेलं जहाज अटक करून काय उपयोग, म्हणून त्याच मालकाचं भावंड-जहाज धरायची सोय कायद्यात आहे. दोन्ही जहाजांचा मालक खरंच एकच आहे का, यावरच मग भांडण रंगतं. सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाने हमीचा आकडा 1,227.62 कोटी केला. ही हमी म्हणजे दावा पुढे जिंकला तर वसुलीला खुंटी. नुकसानभरपाई नव्हे.

आणखी एक. अ‍ॅडमिरल्टीचा दावा नागपूर खंडपीठात लावायला जाऊ नका, तो मुंबईला उच्च न्यायालयाच्या मूळ बाजूवर (जिथे दावे थेट दाखल होतात) जातो. हरित लवादाचं काम पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे.

तवंगमापक
वकीलसाहेबांनी वरची छपरं दाखवली, मी पायाबद्दल लिहितो. कारण बहुतेक दावे छपराला टेकायच्या आधीच पायात खचतात.

सीएलसीमध्ये "प्रदूषणाचं नुकसान" या शब्दांची व्याख्या वाचा. पर्यावरणाच्या हानीसाठी, बुडालेला नफा सोडून, पैसे मिळतात ते फक्त पूर्ववत करण्याच्या वाजवी उपायांच्या प्रत्यक्ष खर्चाचे. केलेला खर्च किंवा खरोखर करायचा ठरलेला. समुद्राची स्वतःची किंमत तिथे नाही.

हे असं का, त्याचं उत्तर 1979 च्या अंतोनिओ ग्राम्शी टँकरमध्ये आहे. बाल्टिकमध्ये अपघात झाला. सोव्हिएत सरकारने किती पाणी खराब झालं त्याचा अंदाज घेतला, दर घनमीटरला ठरावीक रूबल लावले आणि दावा ठोकला. 1980 मध्ये फंडाने ठरावच केला की सैद्धांतिक सूत्रांनी काढलेल्या अमूर्त आकड्यांवर भरपाई नाही. आपल्याकडे अजूनही अहवालात "परिसंस्था सेवांचं मूल्य प्रति हेक्टर इतके लाख" असं लिहून खाली गुणाकार मांडतात. हरित लवादात त्याला वजन आहे. फंडापुढे तो कागद रद्दी.

याउलट बाजू पण सांगतो. एरिका 12 डिसेंबर 1999 ला ब्रिटनीजवळ तुटलं, सुमारे 20,000 टन जड तेल सांडलं. 25 सप्टेंबर 2012 ला फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पर्यावरणीय हानी हा स्वतंत्र प्रकार मान्य केला आणि तेल कंपनी टोटाललाही धरलं. म्हणजे देशाचं न्यायालय कराराबाहेर जाऊ शकतं. पण ते व्हायला जवळजवळ तेरा वर्षं लागली.

खाडीकाठ
रायगडातून लिहितोय. मच्छिमार सोसायट्यांना हेच कुणी सांगत नाही. पंचनामा झाला की सगळं झालं असं धरून बसतात. पंचनाम्यात "सुमारे 40 जाळी खराब" एवढंच असतं. जाळं डोल की गिल, आस (जाळ्याचं भोक) किती मिलिमीटरचा, वजन किती किलो, किती वर्षांचं, काहीच नाही. मग जुन्या जाळ्याला नव्याचा भाव मागितला म्हणून दावा कापला जातो.

लागणारी कागदं: होडीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, सोसायटीची डिझेलची बिलं, आणि मागच्या तीन वर्षांच्या त्याच महिन्यांच्या लिलावाच्या पट्ट्या. तीन वर्षं अशासाठी की एखादा हंगाम वाईट गेलेला असतो. खराब जाळं जाळून टाकायचं नाही. प्रत्येकातून हातभर तुकडा कापून, फॉइलमध्ये गुंडाळून, होडीचा नंबर लावून ठेवायचा. आणि 1 जून ते 31 जुलै ही आपल्याकडची पावसाळी बंदी. त्या दिवसांचा बुडालेला धंदा मागितला की बाकीच्या खऱ्या दाव्यावरही शंका येते.

अजनी_डेपो (धागाकर्ता)
खाडीकाठ, नागपुरातला कोकणी मासळीचा घाऊक व्यापारी दावा लावू शकतो का? तेल सांडल्यावर त्याचाही माल येणं बंद होतं.

कोर्टरस्ता
लावायला कुणी अडवत नाही, पण टिकणं अवघड. फंड चार गोष्टी बघतो: घटनास्थळापासूनचं अंतर, त्या किनाऱ्यावर धंदा किती अवलंबून, दुसरीकडून माल आणता येतो का, आणि तो धंदा त्या भागाच्या अर्थकारणाचा अविभाज्य भाग आहे का. किनाऱ्यावरचा बर्फ कारखाना बसतो, बीचवरचं हॉटेल बसतं. नागपूरवाला व्यापारी आंध्राच्या किनाऱ्यावरून माल मागवू शकतो, म्हणून तो सटकतो.

तवंगमापक
सफाईच्या खर्चाकडे येतो. इथे सर्वांत जास्त पैसा बुडतो आणि कारण बहुतेक वेळा तांत्रिक असतं. फंड आणि विम्याची माणसं विचारतात की उपाय त्या क्षणी उपलब्ध माहितीवर वाजवी होता का. अयशस्वी झाला तरी चालतो, पण मूर्खपणाचा नको.

उदाहरण बूमचं, म्हणजे तेल अडवायच्या तरंगत्या पट्ट्याचं. प्रवाह बूमच्या काटकोनात 0.7 नॉटच्या वर गेला की तेल बूमच्या खालून निसटतं. कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी भरती-ओहोटीचा प्रवाह त्याच्या कितीतरी वर असतो. तरी फोटोला छान दिसतो म्हणून बूम खाडीच्या तोंडावर सरळ आडवा लावतात. तिरपा लावून तेल काठाकडे, जिथे पाणी संथ आहे तिथे न्यायचं असतं. आडव्या बूमचं दोन आठवड्यांचं भाडं नामंजूर झालं तर ओरडायला जागा नाही.

दुसरं, जेसीबी. वाळूवर तेलाचा थर दोन-चार सेंटिमीटर असतो. फावड्याने वरचेवर खरवडला तर तेवढंच निघतं. जेसीबीचा बकेट फूटभर खाली जातो, टायर तेल आणखी खाली दाबतात. सांडलेल्या तेलाच्या तीसपट कचरा होऊ शकतो. तो घातक कचरा, 2016 च्या नियमांखाली फॉर्म 10 च्या मॅनिफेस्टवर (वाहतुकीच्या नोंदपत्रावर) अधिकृत ठिकाणीच जायला हवा. प्रत्येक ट्रकची वजनकाट्याची पावती नसेल तर विल्हेवाटीचं बिल अधांतरी.

तिसरं, रोजची वही. तारीख, किनाऱ्याचा कोणता पट्टा, मजुरांची नावं आणि तास, यंत्र कोणतं, किती तास चाललं, किती बंद उभं होतं, किती पोती भरली. सात दिवसांनी आठवून भरलेली वही लगेच ओळखू येते. सगळीकडे एकाच पेनची शाई आणि रोज बरोबर आठ तास.

शून्य_मैल
तुमचं म्हणजे साहेब, समुद्र गेला खड्ड्यात, पावती सांभाळा.

तवंगमापक
समुद्र खड्ड्यात घालणारा मी नाही. पण पावती नसलेल्या राज्याला समुद्राचे पैसे मिळालेले मला माहीत नाहीत.

इंजिनरूम
प्लस वन. आता जहाजाच्या बाजूने. अपघाताची बातमी होते, पण किनाऱ्यावर येणारं कितीतरी तेल मुद्दाम सोडलेलं असतं. मारपोल, म्हणजे जहाजांच्या प्रदूषणाचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार इंजिनरूमचं पाणी विभाजकातून जाऊन तेल 15 पीपीएमच्या (दहा लाखांत 15 भाग) आत असेल तरच बाहेर, तेही जहाज चालत असताना. विभाजक तुंबला, फिल्टर महाग, गाळ किनाऱ्यावर उतरवायला पैसे लागतात. मग रात्री बायपास पाइप जोडायचा, ज्याला खलाशी मॅजिक पाइप म्हणतात. पकडायचा कसा? तेलाच्या नोंदवहीत गाळाच्या टाकीच्या पातळ्या बघा. इंजिन रोज इतकं इंधन जाळतं, त्यातून ठरावीक टक्के गाळ निघणारच. वहीत गाळ कमी आणि इन्सिनरेटर (गाळ जाळायची भट्टी) रोज चालू दाखवलेला, पण त्याच्या तासांच्या मीटरशी जुळत नाही, तर पाणी मुरतंय. जोडावरच्या बोल्टांचा ताजा घासलेला रंग हा दुसरा पुरावा.

बुटीबोरी_निर्यात
मग मे-जूनमध्ये कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर डांबरगोळे येतात, त्याचं दायित्व कुणावर? जहाज तर कुणाला दिसलंच नसते.

तवंगमापक
तिथे नमुन्यावरच सगळं. फंड अज्ञात जहाजाच्या तेलालाही पैसे देतो, पण ते टँकरमधूनच आलं हे दावेदाराने दाखवायचं असतं. म्हणून बोटांच्या ठशांसारखी तेलाची ओळख पटवतात. गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटरवर होपेन, स्टेरेन असली संयुगं बघतात. ती ऊन-लाटांत फारशी बदलत नाहीत, म्हणून गोळा किनाऱ्यावर पडून राहिला तरी मूळ तेलाची सही त्यात टिकते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या डांबरगोळ्यांवर बरंच काम झालंय.

नमुना घ्यायची रीत मात्र घरच्या घरी बिघडते. बाटली गडद काचेची, झाकणाला आतून टेफ्लॉन किंवा फॉइल. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत भरलात तर प्लास्टिकची रसायनं तेलात उतरतात आणि समोरचा वकील तिथेच पकडतो. जाड तेलाचे 20-30 मिली पुरे. नुसता तवंग असेल तर पाणी न भरता टेफ्लॉनच्या जाळीने टिपून घ्यायचा. काठोकाठ भरायचं नाही. चार अंश सेल्सिअसला, अंधारात. एकाच ठिकाणचे दोन नमुने, एक स्वतःकडे. लेबलवर अक्षांश-रेखांश, वेळ, घेणाऱ्याची सही, आणि बाटली कुणाकडून कुणाकडे गेली त्याची साखळी. एक बाटली स्वच्छ किनाऱ्यावरचीही हवी, तुलनेला.

बुटीबोरी_निर्यात
किती तेल सांडलं ते कसं काढतात? बातम्यांत सकाळी 2 टन आणि संध्याकाळी 200 टन असते बाप्पा.

तवंगमापक
विमानातून रंग बघून. बॉन कराराचा तक्ता आहे. चंदेरी चमक असेल तर चौरस किलोमीटरला 40 ते 300 लिटर. इंद्रधनुषी 300 ते 5,000. धातूसारखी 5,000 ते 50,000. त्याच्या वर खऱ्या तेलाचा रंग.

समजा पट्टा 6 किमी लांब, अर्धा किमी रुंद, म्हणजे 3 चौरस किमी. त्यातला 75 टक्के चंदेरी, 20 टक्के इंद्रधनुषी, 5 टक्के धातुई. कमीत कमी 90 अधिक 180 अधिक 750, म्हणजे 1,020 लिटर. जास्तीत जास्त 675 अधिक 3,000 अधिक 7,500, म्हणजे 11,175. दहापटीचा फरक, एकाच फोटोवरून. गंमत अशी की पाच टक्के पट्ट्यातच दोन तृतीयांश तेल आहे. चंदेरी तीन-चतुर्थांश पट्टा कॅमेऱ्यात भयंकर दिसतो आणि त्यात बादल्यांनी मोजण्याइतकंच तेल असतं.

तटरक्षक दलाच्या राष्ट्रीय आराखड्यात 700 टनांपर्यंत पहिला स्तर, 10,000 पर्यंत दुसरा, वर तिसरा. पहिला अंदाज चुकीच्या बाजूला गेला तर यंत्रणा उशिरा हलते.

अजनी_डेपो (धागाकर्ता)
आता मूळ दुखण्याकडे. इथल्या निर्यातदाराने काय बघायचं?

कोर्टरस्ता
तीन वेगळ्या खिशांतून पैसा जाऊ शकतो, ते वेगळे ठेवा.

सरकारचा दावा सहसा जहाजावर येतो. पण जहाजवाला भरल्यानंतर मागे वळून बघतो की डब्यात काय होतं आणि कुणी काय जाहीर केलं. धोकादायक माल न सांगता चढवला आणि त्याने आग लागली, तर वाहतुकीच्या करारात पाठवणाऱ्याची जबाबदारी फार कडक आहे, माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही. समुद्री मालवाहतुकीचा 1925 चा जुना कायदा जाऊन 2025 चा नवा आला तरी हे तत्त्व हेगच्या आंतरराष्ट्रीय नियमांतून तसंच आलंय.

दुसरं, जनरल अ‍ॅव्हरेज. जहाज वाचवायचा खर्च सर्व मालवाल्यांत वाटतात आणि तुमचा डबा सोडवायला बाँड मागतात. त्यात प्रदूषणाचा दंड घुसवलाय का बघा. 1994 पासूनच्या यॉर्क-अँटवर्प नियमांत पर्यावरणहानीचा खर्च त्या वाटपाबाहेर आहे, अपवाद थोडे. बिलातली ओळ वाचायला वकील लागत नाही, सवय लागते.

तिसरं, तुमची मरीन कार्गो पॉलिसी. ती तुमच्या मालाचं नुकसान भरते. तुमच्या मालाने दुसऱ्याचं केलेलं नुकसान त्यात नाही.

अजनी_डेपो (धागाकर्ता)
डेपोच्या बाजूने भर घालतो. धोकादायक मालाला यूएनचा ठरावीक नंबर असतो. कॅल्शियम कार्बाइड म्हणजे यूएन 1402, वर्ग 4.3, पाण्याशी आला की अ‍ॅसिटिलीन वायू. नायट्रिक अ‍ॅसिड यूएन 2031, वर्ग 8. घोषणापत्र, डब्यावरचे चारी बाजूंचे फलक आणि पॅकिंगचं प्रमाणपत्र या तिन्हीवर तोच नंबर हवा. व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या डब्याचं पडताळलेलं एकूण वजन, 1 जुलै 2016 पासून सक्तीचं आहे. अंदाजाने भरलेलं वजन स्थैर्याच्या हिशेबात जातं आणि अपघातानंतर तपासात पहिलं तेच बाहेर येतं.

बुटीबोरी_निर्यात
आमचा माल प्लास्टिक दाणे. ते तर धोकादायक यादीतच नाहीत. मग चिंता काहून?

कोर्टरस्ता
कारण एक्स-प्रेस पर्ल. 20 मे 2021 ला कोलंबोजवळ आग, 2 जूनला बुडालं. 1,486 डबे, त्यात 25 टन नायट्रिक अ‍ॅसिड. त्याआधी अ‍ॅसिडचा डबा गळतोय म्हणून तो उतरवून घ्यायची विनंती कतारच्या हमद बंदरात आणि आपल्या हजिऱ्यात केली होती, दोन्हीकडे नकार. सुमारे 1,680 टन प्लास्टिक दाणे समुद्रात गेले. लंडनच्या न्यायालयात मालकाची मर्यादा सुमारे 1 कोटी 90 लाख पौंडांवर ठरली. जुलै 2025 मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 100 कोटी डॉलर भरायला सांगितलं. एकच जहाज, दोन न्यायालयं, आकडे असे.

तवंगमापक
आणि दाण्याचं वजन 20 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे 25 किलोच्या एका पोत्यात साडेबारा लाख दाणे. तेल कालांतराने कुजतं, हे कुजत नाही. चाळणीने वाळूतून वेगळे करायला जेवढा मजूर लागतो तेवढा तेलालाही लागत नाही.

बुटीबोरी_निर्यात
मग आम्ही करायचं काय? यादीत नाही म्हटल्यावर शिपिंग लाइन पण काही विचारत नाही.

अजनी_डेपो (धागाकर्ता)
आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2024 मध्ये दाण्यांसाठी शिफारशी काढल्या आहेत. सक्ती नाही, पण बुकिंगमध्ये लिहून मागता येतं. पॅकिंग झटके सोसणारं, मालाच्या वर्णनात दाणे आहेत हे स्पष्ट, आणि डबा डेकखाली. बुकिंगच्या मेलमध्ये "डेकखाली ठेवावा" ही एक ओळ टाका आणि लाइनचं उत्तर जपून ठेवा. पोती पॅलेटवर श्रिंक-रॅप केलेली, खाली लायनर. डबा उलटला तर दार आधी उघडतं, म्हणून दाराकडची शेवटची रांग पट्ट्यांनी बांधायची.

खाडीकाठ
जाता जाता मुदतीचं राहिलं. सीएलसी आणि फंडात नुकसान झाल्यापासून 3 वर्षं, आणि कसंही झालं तरी घटनेपासून 6. या मुदतीत न्यायालयात दावा दाखल व्हायला हवा. पत्रव्यवहार चालू आहे, विम्याचा माणूस "बघतो" म्हणतोय, याने मुदत थांबत नाही.

कोर्टरस्ता
बरोबर. हरित लवादात कलम 15 च्या भरपाईला 5 वर्षं, वर सबळ कारणाने 60 दिवस. कलम 14 च्या पर्यावरणविषयक वादाला मात्र फक्त 6 महिने अधिक 60 दिवस. अर्जावर चुकून 14 लिहिला तर पुण्यात पहिल्याच तारखेला उशिरावरून वाद सुरू होतो.

शून्य_मैल
वाचनखूण साठवली. 14 की 15 हे आधी बघीन, मग भांडीन.